एरलेनबाखचा शिंपी : याकोब आमान यांचें चरित्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं पेनसिल्व्हेनिया या संस्थानांत लँकॅस्टर नांवाचा जिल्हा आहे. तेथील हमरस्त्यावर मोटारींच्या ओघांतून करड्या टपाची एखादी घोडागाडी संथपणें चाललेली दृष्टीस पडते. आंत बसलेल्या पुरुषास दाढी आहे, पण मिशी नाहीं; अंगांत काळा कोट व डोक्यास रुंद कांठाची टोपी आहे. शेजारीं बसलेल्या त्याच्या पत्नीचें मस्तक साध्या टोपडीनें झांकलेलें आहे. त्यांच्या घरांत बाहेरून विजेची तार शिरलेली नाहीं, भिंतीवर टेलिफोन नाहीं, दारांत मोटार नाहीं. हें दारिद्र्यामुळें नव्हे. त्यांची शेतें त्या प्रांतांत नांवाजलेलीं आहेत. हे आमिश लोक होत. ते ख्रिस्ती आहेत, आणि धर्मसुधारणेच्या काळांत निघालेल्या एका जुन्या शाखेचे आहेत. ज्या मनुष्यावरून त्यांस हें नांव पडलें त्याची ओळख आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस करून द्यावी असें बहुत दिवस आमच्या मनांत होतें. सेमिनरींत मंडळीच्या इतिहासाचा अभ्यास करितांना लूथर व कॅल्व्हिन यांच्या वांट्यास आठवडेच्या आठवडे येत, आणि या लोकांच्या वांट्यास जेमतेम एक घटका. ती उणीवहि या निमित्तानें भरून निघेल.

या पंथाचा मूळ पुरुष यंत्रांचा वैरी असला पाहिजे असें कोणास वाटेल, तर तें खरें नाहीं. विजेची तार व टेलिफोन हे शब्द त्याच्या कानांवर कधीं पडले नाहींत. त्याच्या काळीं राजा असो कीं रंक असो, सर्वच घोड्यानें प्रवास करीत आणि दिव्याच्या उजेडांत वाचीत. मग त्याच्या नांवाच्या लोकांनीं तीनशें वर्षांनंतर हें असें जिणें कां पतकरावें, हें समजण्यास त्याचें चरित्र पाहिलें पाहिजे.

याकोब आमान यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील बर्न प्रांतांत झिमेंटाल नांवाच्या खोऱ्यांत एरलेनबाख या गांवीं झाला. १२ फेब्रुवारी १६४४ रोजीं त्यांचा बालबाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. ते शिंप्याचा धंदा करीत. त्यांच्या बाळपणाविषयीं फारसें लिहिण्यासारखें नाहीं. त्यांचें एकहि चित्र आज उपलब्ध नाहीं.

ते ज्या पंथास पुढें मिळाले त्याचें मूळ झुरिक शहरांत होतें. तेथें जानेवारी १५२५ मध्यें कांहीं तरुणांनीं एकमेकांस प्रौढपणीं बाप्तिस्मा दिला. अर्भकास विश्वास ठेवितां येत नाहीं, म्हणून त्याच्या बाप्तिस्म्यास अर्थ नाहीं. मंडळी ही स्वेच्छेनें प्रभूच्या मागें जाणाऱ्यांची असावी, सरकारच्या हुकुमानें बनलेली नसावी. आणि ख्रिस्ताच्या शिष्यानें तलवार धरूं नये व शपथ वाहूं नये, अशी त्यांची शिकवण होती. त्या काळीं बाप्तिस्म्याची नोंद म्हणजेच राज्यांतील प्रजेची नोंद असे. तेव्हां या शिकवणीनें राज्याचा पायाच हालतो असें अधिकाऱ्यांस वाटलें. फेलिक्स मांझ या त्यांच्या पुढाऱ्यास ५ जानेवारी १५२७ रोजीं झुरिकच्या लिमात नदींत बुडवून मारण्यांत आलें. त्यास बुडविणारें सरकार रोमन कॅथलिक नव्हतें, सुधारलेल्या मंडळीचें होतें, हें आम्हां प्रॉटेस्टंट लोकांनीं विसरूं नये. आमान यांच्या काळीं देहांत शिक्षा बंद झाली होती. पण बर्न सरकारनें या लोकांस हुडकून काढण्यासाठीं शिपाई ठेविले होते, त्यांस पकडून ते कैद, हद्दपारी, मालमत्तेची जप्ती किंवा गलबतावरील वल्हीं मारण्याची शिक्षा यांच्या स्वाधीन करीत.

अशा पंथांत आमान वयाच्या तिशीनंतर केव्हां तरी गेले. १६८० सालच्या जूनमधील एका सरकारी पत्रांत या पंथाचा संसर्ग झालेला मनुष्य म्हणून त्यांचें नांव येतें, आणि त्यांचें काय करावें अशी विचारणा होते. यानंतर ते पंथाचे वडील झाले, आणि १६९३ च्या सुमारास राईन नदीच्या पश्चिमेस आल्सास प्रांतांत राहूं लागले. तीस वर्षांच्या युद्धानें, म्हणजे १६१८ पासून १६४८ पर्यंतच्या लढायांनीं, तो प्रांत ओसाड झाला होता; तेथील जमीनदारांस कष्टाळू कुळें हवीं होतीं, आणि डोंगरांतील हे स्विस शेतकरी आनंदानें घेतले जात. या लोकांनीं पडीक जमिनी लागवडीस आणिल्या. छळाच्या काळीं शेतीचें असें कसब अंगीं आलें कीं तें आजतागायत त्यांच्या वंशजांत टिकून आहे.

परंतु छळ थोडा कमी झाला कीं मंडळीपुढें निराळा प्रश्न उभा राहतो. स्वित्झर्लंडमध्यें या लोकांचे पुष्कळ हितचिंतक होते. ते सरकारी मंडळीचेच सभासद राहत, पण शिपाई आले म्हणजे आपल्या या शेजाऱ्यांस लपवीत, जेवूं घालीत. त्यांस खऱ्या अंतःकरणाचे लोक म्हणत. या दयाळू शेजाऱ्यांचें तारण होईल काय? हान्स राइस्ट नांवाच्या वडील उपदेशकांचें मत त्यांच्या बाबतींत मवाळ होतें. आमान यांचें मत असें कीं ज्यानें वधस्तंभ उचलिला नाहीं, जगाची मंडळी सोडिली नाहीं, त्याचें तारण झालें असें आपण म्हणूं नये. दुसरी गोष्ट प्रभुभोजनाची. तें वर्षांतून एकदां होई. आमान दोनदां करूं लागले, आणि त्याच्या जोडीला प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले त्याप्रमाणें एकमेकांचे पाय धुण्याचा विधि त्यांनीं चालू केला. पोशाखांत डौल नसावा, दाढीस कातर लागूं नये, हेंहि ते सांगत. शिंप्याच्या हातांतील मनुष्यास कपड्यांतून गर्व कसा डोकावतो हें अधिक कळत असावें.

पण मुख्य वाद निराळाच होता. पापांत राहणाऱ्या सभासदास मंडळींतून काढल्यावर त्याच्याशीं कसें वागावें? पौलानें करिंथ येथील मंडळीस अशा मनुष्याबरोबर जेवूंहि नये असें लिहिलें आहे. हॉलंडमधील याच पंथाच्या लोकांनीं १६३२ सालीं डोर्ड्रेख्त येथें जो विश्वासाचा जाहीरनामा केला त्यांत हा वर्जनाचा नियम घातला होता, आणि आल्सासमधील वडिलांनीं १६६० सालीं तो मान्य केला होता. आमान म्हणत कीं मग तो पाळा. बहिष्कृत मनुष्य, मग तो घरचा कां असेना, त्याच्याबरोबर एका ताटास बसूं नका. राइस्ट म्हणत कीं त्यास प्रभुभोजनास घेऊं नये एवढें पुरे. प्रभु स्वतः जकातदार व पापी यांच्या पंक्तीस बसला होता.

१६९३ सालीं आमान आपल्या कांहीं सोबत्यांसह स्वित्झर्लंडमध्यें गेले व एमेंटालच्या खोऱ्यांतून गांवोगांव फिरून प्रत्येक उपदेशकास त्याचें मत विचारूं लागले. अखेर एका शेतकऱ्याच्या कोठारांत सभा भरली. राइस्ट आले नाहींत. कापणीचे दिवस आहेत, सवड नाहीं, असा त्यांचा निरोप आला. हा निरोप ऐकून आमान संतापले. त्यांनीं तेथेंच राइस्ट व आणखी सहा उपदेशक बहिष्कृत झाल्याचें जाहीर केलें. जमलेल्यांपैकीं कोणी गुडघे टेकून थोडा धीर धरण्याची विनवणी केली. ती त्यांनीं ऐकिली नाहीं. निरोपाचा हात कोणाच्या हातांत न देतां ते व त्यांचे सोबती निघून गेले. त्या वेळीं त्यांचें वय एकुणपन्नास वर्षांचें होतें.

या सभेविषयीं आम्ही आमचें मत लपवीत नाहीं. वर्जनाचा वाद कसाहि असो, मंडळीचा विचार न घेतां एका मनुष्यानें एका घटकेंत सात वडिलांस बाहेर काढावें हें योग्य झालें नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत वाळीत टाकणें म्हणजे काय हें कोणास सांगावें लागत नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांचे आजे-पणजे ख्रिस्ती झाले तेव्हां त्यांस विहिरीवर पाणी मिळेना, न्हावी येईना, सख्ख्या भावाच्या घरीं ताट मिळेना. अलीकडे, २०१६ सालीं, महाराष्ट्राच्या विधिमंडळानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो आपण योग्यच मानितो. मग ज्या लोकांनीं स्वतः एवढा छळ सोसला त्यांनीं आपल्याच भावांवर हेंच शस्त्र कां उगारावें? आमान यांच्या बाजूनें एवढें सांगितलें पाहिजे कीं त्यांचा नियम स्वेच्छेनें प्रौढपणीं बाप्तिस्मा घेतलेल्यांसच लागू होता, जन्मानें आलेल्यांस नव्हे. वर्जिलेला मनुष्य संकटांत असल्यास त्यास साह्य करणें हें त्यांच्या जाहीरनाम्यांतच कर्तव्य म्हणून सांगितलें होतें. आणि तो पश्चात्ताप करून आला तर त्यास पुन्हां सर्व कांहीं मिळे. तथापि ज्या घरांत नवरा एका मेजावर व बायको दुसऱ्या मेजावर जेवते, त्या घरचें दुःख या खुलाशांनीं हलकें होत नाहीं.

पुढें आमान यांच्याहि मनास ही टोंचणी लागली. १६९४ साली समेटाचा प्रयत्न फसला होता; पण १७०० सालीं आमान व त्यांच्या कांहीं सोबत्यांनीं आपण फार उतावळेपणानें वागलों, मंडळीच्या संमतीवांचून बहिष्कार घातला, असें कबूल केलें व शिक्षा म्हणून स्वतःसच बहिष्कृत करून घेऊन क्षमा मागितली. ज्या मनुष्यास इतर लोक पंथाचा पुढारी मानीत त्यानें असें स्वतःला दाराबाहेर उभें करावें, ही गोष्ट साधी नव्हे. मात्र वर्जनाचा नियम चुकीचा होता असें त्यांनीं म्हटलें नाहीं, आणि म्हणून फूट बुजली नाहीं. आल्सासमधील बहुतेक मंडळी आमान यांच्या बाजूस राहिली व स्वित्झर्लंडमधील बहुतेक राइस्ट यांच्या. आमान यांचे लोक कोटास आंकडे लावीत, इतर लोक बोरें म्हणजे बटनें लावीत, त्यावरून आंकडेवाले व बटनवाले अशीं नांवेंहि लोकांनीं पाडिलीं.

आमान १६९५ पासून चांदीच्या खाणींमुळें प्रसिद्ध असलेल्या सेंत-मारी-ओ-मीन या गांवाच्या खोऱ्यांत राहिले. तेथील सरकारी दफ्तरांत आपल्या लोकांचे प्रतिनिधि म्हणून त्यांचें नांव येतें. १७१२ सालीं फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानें या लोकांस आल्सासमधून घालवून देण्याचा हुकूम काढिला. कुटुंबें शेजारच्या लहान लहान संस्थानांत पांगलीं. आमान तेव्हां अडुसष्ट वर्षांचे असतील. येथून पुढें ते दफ्तरांत सांपडत नाहींत.

त्यांचे अनुयायी पुढें अठराव्या शतकांत विल्यम पेन यांच्या धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या वसाहतींत, म्हणजे पेनसिल्व्हेनियांत, गेले. १७३७ सालीं फिलाडेल्फियास पोंचलेल्या एका जहाजावर या लोकांचीं बरींच कुटुंबें होतीं. युरोपांत जे मागें राहिले ते हळूहळू इतर मेनोनाइट मंडळ्यांत मिसळले, आणि १९३७ सालीं जर्मनींतील शेवटची आमिश मंडळीहि तशीच मिळून गेली. हे मेनोनाइट म्हणजे राइस्ट यांच्या बाजूचे व हॉलंडकडचे भाऊबंद. त्यांचे मिशनरी १८९९ सालीं, दुष्काळाच्या दिवसांत, आपल्या नागपूरच्या पूर्वेस धमतरी येथें आले व तेथें त्यांनीं अनाथालय, शाळा व दवाखाना चालविला. म्हणून हें घराणें आपणांस अगदींच परकें नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत आमिश शेतकरी व त्यांचे इतर शेजारी यांच्या राहणींत मोठा फरक नव्हता. फरक पडूं लागला तो टेलिफोन, वीज व मोटार हीं घरोघर येऊं लागलीं तेव्हां. येथें आमान यांनीं ठेविलेला वारसा कामास आला. त्यांनीं यंत्रांविषयीं नियम ठेविला नव्हता, पण बाह्य गोष्टींचाहि विचार मंडळीनें एकत्र बसून करावा, आणि जें ठरेल तें बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकानें पाळावें, ही संवय ठेविली होती. आजहि प्रत्येक आमिश मंडळी वर्षांतून दोनदां प्रभुभोजनापूर्वीं आपल्या नियमांचा विचार करिते. सर्वांचें मन मिळालें तरच प्रभुभोजन होतें. मन मिळालें नाहीं तर तें पुढें ढकलितात. हे नियम बहुधा तोंडीच असतात आणि मंडळीमंडळींत निरनिराळे असतात.

१९१० च्या सुमारास लँकॅस्टर येथील मंडळ्यांनीं घरांत टेलिफोन ठेवूं नये असें ठरविलें. टेलिफोनवर बोलणें पाप आहे असें त्यांनीं म्हटलें नाहीं. पण घरांत तो आला म्हणजे शेजाऱ्याकडे जाण्याचें कारण उरत नाहीं, आणि समोर उभें राहून जें बोलण्यास जीभ धजत नाहीं तें तारेवरून सहज बोललें जातें, असें त्यांस दिसून आलें. तेव्हां पुढें त्यांनीं रस्त्याच्या कडेस एक लांकडी खोपटी बांधून तींत चार-पांच घरांमिळून एक टेलिफोन ठेविण्याची तडजोड काढिली. डॉक्टरास बोलवावयाचें, धान्याचा भाव विचारावयाचा, तर तेथें चालत जावें. चुलीजवळ बसून गप्पा मारण्याची सोय नाहीं. आम्ही हें वाचलें त्याच आठवड्यांत एका घरीं प्रार्थनेस गेलों होतों. घरांत माणसें पांच, व मोबाइल पांच. प्रार्थना चालू असतां त्यांपैकीं दोन वाजले, आणि त्यांत एक आमचाच होता.

विजेविषयींहि तसेंच. १९२० च्या सुमारास त्यांनीं बाहेरच्या कंपनीची तार घरांत घेऊं नये असें ठरविलें. घर जगाशीं कायमचें जोडलें जाऊं नये, हा हेतु. पण बॅटरी चालते. लँकॅस्टरच्या कारखान्यांत डीझेलच्या इंजिनानें हवा दाबून भरितात व त्या हवेवर करवत, रंधा, शिवणयंत्र व पाण्याचा पंप चालवितात. शीतपेटी गॅसवर चालते. ट्रॅक्टर कोठाराजवळ यंत्रें फिरविण्यास चालतो, शेतांत नांगरास नाहीं. आणि जेथें यंत्र ठेवितात तेथें त्यास रबरी धांवा न बसवितां लोखंडी चाकें ठेवितात, म्हणजे कोणास तें रस्त्यावर पळविण्याचा मोह होत नाहीं. १९७० च्या आसपास दुधाच्या व्यापाऱ्यांनीं दूध थंड ठेवणाऱ्या टाक्यांचा आग्रह धरिला. दुग्धव्यवसाय सोडण्याची पाळी आली, तेव्हां त्यांनीं विजेच्या तारेशिवाय चालणारी टाकी मान्य केली, पण रविवारीं दूध नेण्यास कोणी येऊं नये अशी अट घातली. या सर्व प्रकारांस कोणी ढोंग म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. यंत्र चांगलें कीं वाईट असें विचारण्याऐवजीं, यानें आपली मंडळी दूर जाईल कीं जवळ येईल, असें हे लोक विचारितात, आणि उत्तर मिळण्यास दहा वर्षें लागलीं तरी थांबतात.

मोटारीच्या बाबतींत हें अधिक स्पष्ट दिसतें. भाड्याच्या मोटारींत बसण्यास मनाई नाहीं. स्वतःची मोटार ठेवण्यास आहे. घोडा दिवसांत किती चालणार? म्हणून मंडळी जवळच राहते. वीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी. यापेक्षां वाढली कीं तिच्या दोन होतात. उपासनेसाठीं इमारत नाहीं. एक आड एक रविवारीं पाळीपाळीनें एकेका घरीं जमतात, बांकें गाडींतून त्या घरीं नेतात, आणि सुमारें तीन तास उपासना चालते. जें गीतपुस्तक ते वापरितात त्यांतील जुनीं गीतें सोळाव्या शतकांत पासाउ येथील किल्ल्याच्या तळघरांत कैदेंत पडलेल्या बांधवांनीं रचिलेलीं आहेत. पाळक पगारी नसतो. निवडीच्या दिवशीं मंडळीनें सुचविलेल्या पुरुषांपुढें तितकींच गीतपुस्तकें मांडितात. त्यांतील एकांत चिठ्ठी असते. ज्याच्या पुस्तकांत ती निघेल तो जन्मभर पाळक. ती निघालेल्या घरीं आनंदाऐवजीं रडणें ऐकूं येतें असें सांगतात, आणि पाळकाचें काम काय असतें हें जाणणाऱ्या आम्हांस त्याचें नवल वाटत नाहीं.

कोणाचें कोठार जळालें तर ते विमा कंपनीकडे जात नाहींत. शेंकडों माणसें हत्यारें घेऊन येतात व एका दिवसांत नवें कोठार उभें करितात. म्हाताऱ्यांस मुलें सांभाळितात. स्वतःचा धंदा करणाऱ्या आमिश लोकांस अमेरिकन सरकारनें १९६५ सालीं वृद्धवेतनाच्या वर्गणींतून सूट दिली. मुलें आठव्या इयत्तेपर्यंतच शिकतात, आणि १९७२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें हा त्यांचा हक्क मान्य केला. या शेवटल्या गोष्टींत आमचें मन त्यांच्याबरोबर नाहीं. आपल्या गोरगरीब मंडळ्यांस शाळेनेंच मान वर करावयास शिकविलें. ज्या आमिश मुलीस डॉक्टरीण व्हावेंसें वाटेल तिनें काय करावें? तिला घर सोडावें लागेल, आणि बाप्तिस्मा घेतल्यावर सोडलें तर आमान यांचा तो जुना नियम तिच्या आड येईल.

ता. २ ऑक्टोबर २००६ रोजीं लँकॅस्टर जिल्ह्यांतील निकल माइन्स येथील एका खोलीच्या आमिश शाळेंत एका बंदुकधाऱ्यानें शिरून दहा मुलींवर गोळ्या झाडिल्या व स्वतःचाहि अंत केला. पांच मुली मेल्या. त्याच दिवशीं आमिश शेजारी त्या मनुष्याच्या विधवेच्या घरीं गेले व आमच्या मनांत तुमच्याविषयीं राग नाहीं असें त्यांनीं तिला कळविलें. त्याच्या दफनविधीसहि ते उभे राहिले. दहा दिवसांनीं त्यांनीं ती शाळा पाडून टाकिली, आणि पुढें जवळच दुसरी बांधिली.

१९०० सालीं हे लोक ५-६ हजार होते. जगाचें बळ इतकें मोठें आहे कीं हा पंथ लवकरच संपेल असें तेव्हां पुष्कळ जाणते सांगत. २०२४ सालीं त्यांची संख्या सुमारें ४ लाख झाली होती. कुटुंबांत मुलें पुष्कळ असतात हें एक कारण, आणि वाढलेल्या मुलांपैकीं बहुतेक स्वखुशीनें बाप्तिस्मा घेतात हें दुसरें. आतां सर्वांस पुरेल इतकी शेतजमीन मिळत नाहीं. अनेक जण सुतारकी व लहान कारखाने करूं लागले आहेत, आणि धंद्यासाठीं मोबाइल व संगणक किती चालूं द्यावा यावर त्यांच्या सभांत वाद चालू आहेत.

आमान यांच्याविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. ते कोठें व कोणत्या वर्षीं वारले याची नोंद नाहीं, आणि त्यांची कबर कोणास ठाऊक नाहीं. परंतु १७३० सालच्या एका नोंदीवरून त्यापूर्वीं ते वारले होते एवढें समजतें. ती नोंद त्यांच्या मुलीची आहे. त्या वर्षीं ती बर्न प्रांतांत परत आली, आपला बाप देशाबाहेर वारला असें तिनें सांगितलें, आणि ज्या सरकारी मंडळीस तिच्या बापानें पन्नास वर्षांपूर्वीं सोडिलें होतें त्याच मंडळींत आपणांस बाप्तिस्मा मिळावा असा अर्ज तिनें केला. तो अर्ज तिनें एरलेनबाख येथें केला.